पिशवीतली दोन वजने

(शास्त्रवाचन : लेवीय १९:३३-३६, अनुवाद २५:१३-१५. शब्बाथशाळेचा मोठा वर्ग व तरुण संघ यांच्यासाठी.)

लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात तेहतिसाव्या व चौतिसाव्या वचनांत उपऱ्या मनुष्याविषयी आज्ञा आहे आणि तिला अगदी लागूनच, पुढल्या दोन वचनांत, तराजू, वजने व मापे यांविषयी आज्ञा आहे. आपल्या मंडळ्यांत पहिल्या आज्ञेवर उपदेश होतो तो पाहुणचाराविषयी, आणि दुसरी आज्ञा आपण दुकानदारांकडे सोपवून मोकळे होतो. दोन्ही एका दमात वाचून दाखवल्याचे आम्हांला तरी आठवत नाही. या पाठात ती एकत्र वाचू, कारण हल्ली उपरी मनुष्य आपल्या घरात येतो तो बहुधा आकड्याच्या रूपाने येतो. अमुक देशाने इतके निर्वासित घेतले, तमुक देशाने एकही घेतला नाही, असे सकाळच्या वर्तमानपत्रात किंवा मोबाईलवर आपण वाचतो, आणि चहाचा कप खाली ठेवण्याआधीच कोणता देश दयाळू व कोणता निर्दय याचा निवाडा करून टाकतो.

अनुवादातील वचनांकडे वर्गाचे लक्ष विशेष वेधावे. तेथे पिशवीत एक जड व एक हलके अशी दोन वजने ठेवण्यास मनाई आहे. माल घेताना एक काढायचे आणि देताना दुसरे, हा तो व्यवहार. आकड्यांचेही असेच होते. छापलेला प्रत्येक आकडा एरव्ही खरा असू शकतो. लबाडी असते ती कोणता आकडा कोणासमोर काढायचा यात.

ही गोष्ट आम्ही शिकलो ती स्वतःच्या चुकीवरून. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर एका लहान सिरियन मुलाचे प्रेत वाहून आले. त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले, ते वाचकांना आठवत असेल. त्यानंतरच्या आठवड्यात एक तक्ता जिकडेतिकडे फिरू लागला. त्यात जर्मनीपुढे लाखांचा आकडा होता आणि सौदी अरेबिया, कुवेत, कतार, बहरीन, ओमान व संयुक्त अरब अमिराती या सहाही देशांपुढे शून्य. आम्ही तो तक्ता मोठ्या कागदावर रंगीत खडूंनी काढला, वर्गात टांगला आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याशी त्याची सांगड घातली. कोण याजक आणि कोण शोमरोनी हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील शारजाला नोकरीस होते. तिने हात वर करून विचारले, "सर, बाबांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सिरियाचे कुटुंब राहते. लढाई सुरू झाल्यावर त्यांचे भाऊ, वहिनी आणि मुले त्यांच्याकडे आली. मग ती या शून्यात कशी?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. "पुढल्या रविवारी पाहू," असे म्हणून आम्ही प्रार्थनेकडे वळलो, आणि घरी जाताना मनाला फार लागून राहिले. मुलीने डोळ्यांनी पाहिलेली माणसे आम्ही खडूने पुसून टाकली होती.

शोध घेतला तेव्हा त्या शून्याचा उगम कळला. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने २०१४ च्या डिसेंबरात एक अहवाल काढला होता. आखाती देशांनी पुनर्वसनासाठी एकही जागा देऊ केलेली नाही, असे त्यात म्हटले होते. पुनर्वसन हा येथे ठरावीक अर्थाचा शब्द आहे. लेबनॉन किंवा जॉर्डनसारख्या देशात आधीच पोहोचलेल्या निर्वासितांपैकी काहींना संयुक्त राष्ट्रसंघामार्फत तिसऱ्या देशात कायमचे नेणे, एवढाच त्याचा अर्थ. ‘पुनर्वसनाच्या जागा शून्य’ हे वाक्य वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून फिरता फिरता ‘निर्वासित शून्य’ असे झाले. या सहा देशांनी निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, म्हणून त्यांच्या कायद्यात सिरियन मनुष्य निर्वासित म्हणून नोंदलाच जात नाही. तो कामगार असतो, नाहीतर कोणाच्या भेटीस आलेला नातेवाईक असतो.

आता दुसरी बाजू ऐका. त्याच सप्टेंबरात सौदी सरकारने सांगितले की लढाई सुरू झाल्यापासून आम्ही सुमारे २५ लाख सिरियनांना घेतले. त्याच निवेदनात, जे राहू इच्छित होते त्यांना रहिवासाचे परवाने दिले असे होते, आणि त्यांची संख्या मात्र काही लाखांचीच सांगितली होती. म्हणजे आलेगेलेले सर्व मोठ्या आकड्यात, राहिलेले लहान आकड्यात. एकाच देशाविषयी एकाच महिन्यात शून्य आणि २५ लाख! ज्याला जे हवे ते त्याने पिशवीतून काढले. यावरून आखाती देश दोषमुक्त होतात असे आम्ही म्हणत नाही. तेथील परक्याचा आसरा नोकरीवर टांगलेला असतो. नोकरी गेली की परवाना जातो, आणि परत जायला घर उरलेले नसते. पुनर्वसनाच्या जागा त्यांना देता आल्या असत्या, त्या त्यांनी दिल्या नाहीत. पण दोष द्यायचा तर खऱ्या दोषाचा द्यावा.

तक्त्यातील जर्मनीचा रकानाही आम्ही तपासला. २०१५ साली सुमारे ११ लाख आश्रयार्थी आले असे जर्मन सरकारने प्रथम जाहीर केले. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच सरकारने तो आकडा ८ लाख ९० हजारांवर आणला, कारण काहींची नावे दोनदा नोंदली गेली होती आणि काही जण पुढे दुसऱ्या देशात निघून गेले होते. त्या वर्षात आश्रयासाठी प्रत्यक्ष दाखल झालेले अर्ज तर ४ लाख ७७ हजारांच्या आतच होते. पहिला आकडा सरकारने स्वतः मागे घेतल्यावरही कित्येक वर्षे छापला जात राहिला. गंमत अशी की जर्मनीची स्तुती करणाऱ्यांनी तो वापरला आणि जर्मनी बुडाली म्हणणाऱ्यांनीही तोच वापरला. मोठा आकडा दोघांनाही सोयीचा होता.

याहून मोठी चूक मात्र आमच्या तक्त्यात काय होते यात नव्हती, काय नव्हते यात होती. लेबनॉन त्यात नव्हताच. २०१५ च्या अखेरीस निर्वासितांना आसरा देणाऱ्या देशांची क्रमवारी संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्तांनी दिली आहे. तीत तुर्कस्तान २५ लाखांसह पहिला, मग पाकिस्तान १६ लाख, लेबनॉन ११ लाख, त्यानंतर इराण, इथिओपिया आणि जॉर्डन. पहिल्या सहांत युरोप खंडाच्या पश्चिमेकडील एकही राष्ट्र नाही. त्याच वर्षी समुद्रमार्गे सुमारे १० लाख लोक युरोपात उतरले. युरोपीय संघाची लोकसंख्या ५० कोटींच्या घरात, म्हणजे दर हजारी दोन माणसे. लेबनॉनमध्ये दर हजार रहिवाशांमागे निर्वासित होते १८३. तो सारा देश आपल्या बेळगाव जिल्ह्याहूनही लहान आहे. तेथील सरकारी शाळा सकाळी लेबनॉनच्या मुलांसाठी आणि दुपारी सिरियन मुलांसाठी अशा दोन पाळ्यांत भरू लागल्या. बंधुभगिनींनो, आपल्या शब्बाथशाळेत पुढल्या रविवारी शंभर मुलांमागे अठरा नवी मुले, वेगळ्या वळणाची बोली बोलणारी, उपाशी आणि भेदरलेली अशी येऊन बसली तर आपले शिक्षक काय करतील, याचा क्षणभर विचार करा.

तरी त्या वर्षाच्या घडामोडींना जगभर नाव पडले ते ‘युरोपवरील निर्वासितांचे संकट’. हे नाव बैरूतमध्ये ठेवले गेले नाही. परदेशाच्या बातम्या आपल्या मराठी वर्तमानपत्रांकडे बहुतांशी मोठ्या पाश्चात्त्य वृत्तसंस्थांमार्फत येतात, आणि त्यांच्या बातमीदारांना जे अंगणात दिसते ते संकट ठरते. आपणही ते नाव जसेच्या तसे भाषांतरित केले. यात दुष्टपणा होता असे नाही. खिडकी जिकडे उघडते तिकडचेच दिसते.

पुढे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा ही वजने उघड्यावर आली. एका अमेरिकन दूरचित्रवाणीच्या बातमीदाराने कीव्हहून बोलताना अशा आशयाचे उद्गार काढले की हे शहर इराक किंवा अफगाणिस्तानसारखे नाही, त्या मानाने सुसंस्कृत आहे. त्याने दुसऱ्याच दिवशी क्षमा मागितली, हे सांगणे न्यायाचे होईल. पोलंडने लाखो युक्रेनियनांना घरांत घेतले. ४ मार्च रोजी युरोपीय संघाने २००१ साली केलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम प्रथमच अमलात आणला. वर्तमानपत्रे पोलंडच्या स्तुतीने भरली, आणि ती स्तुती रास्तच होती. पण त्याच पोलंडच्या बेलारूसकडील सीमेवर, जंगलातून येणाऱ्या इराकी, सिरियन व अफगाण लोकांना २०२१ पासून मागे लोटले जात होते. तेथे १८६ किलोमीटर लांबीचे पोलादी कुंपण २०२२ च्या जूनमध्ये पुरे झाले. दोन्ही बातम्या एकाच देशाच्या, एकाच ऋतूतल्या. दोन्ही एका पानावर शेजारी शेजारी छापलेल्या आमच्या तरी फारशा पाहण्यात आल्या नाहीत. युक्रेनमध्ये शिकणारी आपली भारतीय मुले, त्यांत महाराष्ट्रातलीही होती, युक्रेनच्या बाजूला सीमेवर अडवली गेल्याच्या तक्रारी त्या वेळी आल्या. पुष्कळ मराठी घरांत पोलंडचे नाव प्रथम ऐकले गेले ते तेव्हा.

काहींनी लगेच निकाल दिला की हा सगळा गोऱ्या कातडीचा प्रश्न आहे. तेही घाईचे मोजमाप होय. शेजारी देश आधी भार उचलतो, हे जगभर दिसते. २०२४ च्या अखेरीस निर्वासितांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक लगतच्याच देशात राहत होते. पोलंड युक्रेनचा शेजारी, तसा लेबनॉन सिरियाचा. मात्र शेजारधर्माने सर्व काही उलगडत नाही. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियाने हद्दपार केलेली ही माणसे, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे पंचगंगेच्या काठी आली होती. पोलंड आणि कोल्हापूर यांचा शेजार कोणत्याही नकाशावर नाही. ती गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि आज ती वस्ती गांधीनगर म्हणून ओळखली जाते.

येथवर परक्यांची वजने तपासली. आता आपली पिशवी. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसे भारतात आली. त्या नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, ते मार्च १९७३ पर्यंत. आमच्या घरातील जुन्या पत्रांवर ती तिकिटे अजून आहेत. खेड्यातल्या गरीब विधवेनेही मुलाला पत्र धाडताना निर्वासितांसाठी पाच पैसे दिले, याचा आम्हांला अभिमान वाटतो. तिबेटी बांधवांची मुंडगोडची वसाहत १९६६ पासून आहे, आणि बेळगाव-हुबळीकडील वाचकांनी ती पाहिलीही असेल. पण १९५१ च्या करारावर भारतानेही सही केलेली नाही. जो तक्ता केवळ सह्या मोजतो, त्यात आपण आखाती देशांच्याच रांगेत बसतो, आणि तसे छापून आले की आपल्याला राग येतो. येथे आपली वर्तमानपत्रे तत्काळ १९७१ चा आकडा काढतात. मात्र म्यानमारहून आलेल्या रोहिंग्यांना हद्दपार करण्याची भूमिका सरकारने २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घेतली व ऑक्टोबर २०१८ मध्ये सात जणांना परत पाठवले, तेव्हा तीच वर्तमानपत्रे १९७१ चे नाव काढीत नव्हती. एकाला ‘शरणार्थी’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘घुसखोर’. शब्द हेही वजनच आहे. ते पारड्यात पडले की आकडा वाचण्याआधीच काटा कलतो. सीमेचे रक्षण करू नये असे आमचे म्हणणे नाही, सरकारला पुष्कळ गोष्टींचा विचार करावा लागतो. आमचा प्रश्न केवळ वाचणाऱ्याचा आहे.

स्तुतीचा आकडाही तपासून घ्यावा. युगांडा निर्वासितांना जमिनीचा तुकडा देतो, काम करू देतो, फिरू देतो, म्हणून त्याचे कौतुक होते व ते योग्य आहे. परंतु २०१८ साली बोटांचे ठसे घेऊन फेरमोजणी केली तेव्हा १४ लाख सांगितलेले निर्वासित ११ लाखांच्या आसपास भरले. दयाळू देशातही कारकून असतात.

वर्ग घेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना एकेक कात्रण आणावयास सांगावे. प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने लिहवून घ्यावे की ही माणसे आलेली आहेत, की अर्ज केलेली, की मान्यता मिळालेली, की आज तेथे राहत असलेली; कोणी मोजली; आणि किती रहिवाशांमागे. उत्तर सापडले नाही तर जागा कोरी ठेवावी, तर्काने भरू नये. सरावासाठी जर्मनीचे २०२२ साल घ्यावे. त्या वर्षी आश्रयासाठी सुमारे २ लाख ४४ हजार अर्ज आले, परंतु युक्रेनहून आलेले १० लाखांहून अधिक लोक त्यांत नाहीत, कारण तात्पुरत्या संरक्षणाच्या नियमामुळे त्यांना अर्ज करावाच लागला नाही. अर्जांचा तक्ता छापणारे वर्तमानपत्र खोटे बोलणार नाही, आणि तरी ते दहा लाख त्यात दिसणार नाहीत. २०१५ चा आमचा तक्ता शब्बाथशाळेच्या कपाटात अजून आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी वर्गासाठी न्यावा. शून्याभोवती त्या मुलीने दुसऱ्या रविवारी काढलेले पेन्सिलीचे वर्तुळ अजून स्पष्ट दिसते.