जंतुनाशक प्लॅस्टिक : टाकी धुवायची की नाही?

गेल्या पावसाळ्यात एक आजी आपल्या चार वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. दीड महिन्यात तिसऱ्यांदा जुलाब. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. लगेच जलसंजीवनी सुरू केली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "काकू, प्यायचे पाणी कुठले?"

"नळाचेच. पण डॉक्टर, आमची टाकी जंतू मारणाऱ्या प्लॅस्टिकची आहे. दुकानदार म्हणाला, हिच्यात जंतू जगतच नाहीत. तेव्हापासून पाणी उकळत नाही."

"टाकी शेवटची कधी धुतली?"

"धुवायची कशाला? नवीच आहे. तीन वर्षं तर झाली."

संध्याकाळी मुलाला पाहायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण उघडले. तळाला बोटभर गाळ आणि आतल्या बाजूला बुळबुळीत थर! जुलाब टाकीमुळेच झाले असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पाणी उकळणे आणि टाकी धुणे ही दोन्ही कामे बंद पडली ती टाकीवरच्या विश्वासामुळे, हे मात्र खरे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी टाकी, पाण्याची बाटली किंवा भाजी चिरण्याचा पाट असेल. म्हणून आज या प्लॅस्टिकची माहिती घेऊ.

प्लॅस्टिक जंतू कसे मारते?

साधे प्लॅस्टिक जंतू मारत नाही. वस्तू घडवण्यासाठी प्लॅस्टिकचे दाणे वितळवतात, तेव्हा त्यात जंतुनाशक द्रव्य मिसळले जाते. बऱ्याचदा ही चांदी असते. सच्छिद्र खनिजाच्या अतिसूक्ष्म कणांत ती बसवलेली असते. ओलावा लागला की चांदीचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, थोडे थोडे बाहेर येतात. ते जंतूच्या प्रथिनांना चिकटतात आणि त्याचे जीवनव्यवहार बंद पाडतात.

हे तत्त्व आपल्याला नवे नाही. तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात कॉलरा व हगवणीचे जंतू शिल्लक राहिले नाहीत. परंतु आपल्या आज्या तो हंडा चिंचेने घासून लख्ख ठेवत. क्षाराचा किंवा शेवाळाचा थर बसला की पाणी तांब्याला लागतच नाही. प्लॅस्टिकचेही तसेच आहे. जंतूला ते मारते खरे, पण तो त्याला टेकला तरच. मध्ये गाळ आला की जंतू त्या गाळावर खुशाल वाढतात.

गुण किती काळ टिकतो?

चांदी झिरपत गेली की तिचा साठा कमी होतो. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरे मार्ग शोधले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २००१ साली, धन विद्युतभार असलेले लांब रेणू पृष्ठभागाला पक्के जोडून, त्यावर बसणारे जंतू मरतात असे दाखवले. त्यातून काही झिरपत नाही. त्याच देशातील ऑबर्न विद्यापीठात क्लोरीन धरून ठेवणारी प्लॅस्टिकसारखी द्रव्ये तयार झाली. त्यातला क्लोरीन संपला की ब्लीचच्या पाण्याने तो पुन्हा भरता येतो. म्हणजे या प्लॅस्टिकलाही अधूनमधून ब्लीचची आंघोळ लागतेच!

'९९.९ टक्के' म्हणजे काय?

प्रयोगशाळेतील प्रमाणित चाचणीत प्लॅस्टिकच्या स्वच्छ तुकड्यावर जंतूंचा ओला, पातळ थर ३५ अंश सेल्सिअस तापमानात २४ तास ठेवतात आणि उरलेले जंतू मोजतात. लाखातले शंभर उरले, तर ते ९९.९ टक्के झाले. आता हजार लिटरच्या टाकीचा विचार करा. मधले बरेचसे पाणी टाकीच्या भिंतीला धड लागतही नाही. सकाळी भरलेले पाणी संध्याकाळपर्यंत संपते. त्यामुळे हा आकडा प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाचा आहे, आतल्या पाण्याचा नव्हे.

रुग्णालयात यांचा उपयोग नाही का? आहे. मोठ्या रक्तवाहिनीत घालायच्या, जंतुनाशक लेप दिलेल्या नळ्यांमुळे रक्तातील संसर्ग कमी होतो. मात्र लघवीच्या नळीचा अनुभव वेगळा आहे. ब्रिटनमध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, थोड्या दिवसांसाठी घातलेली चांदीच्या लेपाची नळी संसर्ग टाळण्यात साध्या नळीपेक्षा सरस ठरली नाही. गरज संपताच नळी काढणे आणि हात स्वच्छ धुणे, हेच महत्त्वाचे.

मग घरी काय करावे?

१. टाकी कोणत्याही प्लॅस्टिकची असो, दर तीन महिन्यांनी रिकामी करून ब्रशने घासावी. झाकण घट्ट बसणारे असावे.

२. हजार लिटर स्वच्छ पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीत कालवून निवू द्यावी, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि तासभर थांबावे. ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

३. गढूळ पाणी आधी तुरटीने निवळून, गाळून घ्यावे.

४. पावसाळ्यात लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्धांसाठी पाणी खळखळून उकळावे आणि झाकून ठेवावे.

५. बाटली व चिरण्याचा पाट रोज साबणाने घासून वाळवावा.

६. मुलाला जुलाब झाल्यास पहिल्या जुलाबापासून जलसंजीवनी द्यावी. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नये.

त्या आजींनी दुसऱ्याच दिवशी टाकी धुवून घेतली आणि पाणी उकळायला सुरुवात केली. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आल्या, तेव्हा नातू दवाखान्याच्या बाकावर उड्या मारत होता. मी टाकीची चौकशी केली. "आता धुतो हो डॉक्टर," त्या हसून म्हणाल्या, "जंतुनाशक असली म्हणून काय झालं!"