पडवीतील संवाद आणि पडद्यावरील संवाद

रत्नागिरी जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या चाकरमान्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. घरातील कर्ता पुरुष मुंबईस आणि उर्वरित कुटुंब गावी, ही येथील संसाराची जुनी रीत होय. २०११ च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरीत हेच प्रमाण १,१२२ होते. या एका आकड्यात स्थलांतराचा सारा इतिहास सामावलेला आहे.

त्यामुळे दूर राहून नाते सांभाळणे येथील माणसास नवे नाही. मनीऑर्डरच्या फॉर्मवर मजकुरासाठी थोडी जागा असे. तेवढ्यात पावसाची चौकशी, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी आणि गणपतीस येण्याचे आश्वासन बसवावे लागे. १९९५ मध्ये देशात भ्रमणध्वनीसेवा सुरू झाली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि परगावी गेलेल्या मुलाचा चेहरा रोज रात्री घरच्यांना दिसू लागला. ही सोय लहान नव्हे. तिला नावे ठेवण्यापूर्वी नातवाला पडद्यावर पाहणाऱ्या आजीची आठवण ठेवावयास हवी.

प्रश्न आहे तो निराळा. पडदा दूरच्या माणसास जवळ आणतो. परंतु जवळच्या माणसाशी बोलण्याची सवय त्यामुळे कमी होते काय? अठरा ते तीस या वयात तरुणाला नोकरी मिळवावयाची असते, जोडीदार निवडावयाचा असतो आणि गावच्या कारभारात पहिले पाऊल टाकावयाचे असते. म्हणूनच हा प्रश्न या वयात विशेष महत्त्वाचा ठरतो.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरात ७३ कुटुंबांतील १६९ व्यक्तींचे निरीक्षण करून रॉबर्ट क्राऊट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंटरनेटचा वापर वाढला तसा घरातील संवाद थोडा घटला आणि एकटेपणा थोडा वाढला, असे त्यांत दिसून आले. मात्र त्याच संशोधकांनी २००२ मध्ये सांगितले की, पुढील काळात हे दुष्परिणाम बहुतांशी ओसरले. ज्यांना मुळात माणसांची आवड व आधार होता त्यांना या साधनाचा लाभ अधिक झाला. संकोची स्वभावाच्या व्यक्तींना तसा झाला नाही.

२०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात सहावीतील मुलांना पाच दिवस पडद्याविना शिबिरात ठेवण्यात आले. इतर मुलांच्या तुलनेत त्यांची चेहऱ्यावरील भाव ओळखण्याची क्षमता अधिक सुधारली. ही मुले लहान होती, म्हणून हा निष्कर्ष तरुणांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही दोन गोष्टी ध्यानात येतात. साधन सर्वांवर सारखाच परिणाम करीत नाही. आणि माणूस वाचण्याची कला सरावाने वाढते.

सराव कोठे होत असे?

संवादाचे कौशल्य म्हणजे केवळ बोलणे नव्हे. समोरच्याचे म्हणणे संपेपर्यंत थांबणे, त्याच्या आवाजातील बदल ओळखणे, नकार सौम्यपणे देणे, मतभेद झाल्यावरही संबंध न तोडणे, दुःखात असलेल्या माणसाजवळ मुकाट्याने बसणे, या सर्व गोष्टी त्यात येतात. कोकणात हे शिक्षण वेगळे द्यावे लागत नसे. भातलावणीला एकमेकांच्या शेतात जाणे, शिमग्यात पालखी घेऊन घरोघर फिरणे, गावकीच्या बैठकीत वडीलधाऱ्यांसमोर आपली बाजू मांडणे आणि संध्याकाळी पडवीत बसणे, यांतून ते आपोआप मिळत असे.

जाखडी नृत्यातील शक्ती-तुऱ्याचा सामना हे याचे उत्तम उदाहरण होय. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात. एक शाहीर प्रश्न टाकतो, दुसऱ्याला सर्वांदेखत त्याचे उत्तर द्यावे लागते. टोमणे असतात, चुरस असते. परंतु सामना संपल्यावर त्याच गावात, त्याच माणसांत राहावयाचे असते. म्हणून शब्दाला आपसूकच मर्यादा पडते.

व्हॉट्सॲपच्या गटावरील वादात ही मर्यादा राहत नाही. शब्द लागल्याचे चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून पुढचा शब्द अधिक कठोर येतो. संदेश वाचल्याची खूण उमटते, पण उत्तर येत नाही. मग त्या मौनाचा नाही तो अर्थ लावला जातो. अवघड बोलणे टाळावयाचे असल्यास गट सोडण्याची वाट नेहमी मोकळी असते. असे टाळण्याची सवय लागलेल्या तरुणाला मुलाखतीच्या खोलीतून किंवा संसारातील मतभेदातून बाहेर पडण्याची तशी सोपी कळ सापडत नाही.

सारा दोष पडद्यावर टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. कित्येक वाड्यांत समवयस्क सोबतीच उरलेले नाहीत. बैठकीत तरुणास, त्यातही तरुणीस, बोलू दिले जात नसेल तर ती पडद्याकडे वळली यात नवल नाही. जुन्या पडवीत सर्वांना सारखे स्थान नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

संकटाने दिलेला धडा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांत मोठी हानी केली. वीज गेली, भ्रमणध्वनी मुके झाले आणि मुंबईतील नातेवाइकांना घरच्यांची खबर मिळेना. त्या वेळी उपयोगी पडला तो हाकेच्या अंतरावरील शेजार. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले, तेव्हा दूरदूरची मदत जमविण्यास हेच भ्रमणध्वनी कामी आले. साधन व शेजार दोन्ही हवेत. परंतु साधन बंद पडल्यावर शेजार नव्याने निर्माण करता येत नाही.

काय करता येईल?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक प्रयोग सुरू केला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बाजूला ठेवण्याचे आवाहन केले जाते. हा निर्णय गावाने विचारविनिमयाने घेतला, हे त्याचे मर्म होय. सज्ञान तरुणांवर बंदी लादून संवाद वाढत नाही; त्यांना एकत्र येण्यास निमित्त द्यावे लागते.

महाविद्यालयांना राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर हे असे निमित्त आहे. श्रमदानाइतकेच महत्त्व तेथील सायंकालीन चर्चेस द्यावे आणि नेहमी गप्प राहणाऱ्या विद्यार्थ्याला बोलण्याची पहिली संधी मिळावी. ग्रामपंचायतींनी सभेची सूचना गटावर अवश्य द्यावी, पण चर्चा सभेतच घडवावी. नव्या मतदारांना त्यांच्या पहिल्या ग्रामसभेस नावाने बोलवावे आणि एखादा विषय मांडावयास द्यावा. वाचनालये, नमन-जाखडीची मंडळे व क्रीडा मंडळे यांनाही या कामी सहभागी करून घेता येईल. रत्नागिरीच्या नगर वाचनालयास तर १८२८ पासूनची परंपरा आहे.

एखादा तरुण दीर्घकाळ कोणाशीच बोलेनासा झाला, झोप व भूक हरपली, तर त्यास केवळ मोबाइलचे वेड समजून रागावू नये. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

मनीऑर्डरवरील मजकूर पोचल्यावर चाकरमान्याचे काम संपत नसे. गणपतीला तो स्वतः येई. पडद्यावरील संवादालाही असाच शेवट असावा. दिवसभर संदेश पाठविणाऱ्या दोन मित्रांनी आठवड्यातून एकदा तरी एकाच पडवीत बसावे, एवढी सवय गावाने लावली तरी पुष्कळ साधेल.