आशियातील महिला व्हॉलीबॉल : उंचीला चापल्याचे उत्तर

व्हॉलीबॉलच्या खेळात शरीराची उंची हेच मुख्य भांडवल होय, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती अगदीच निराधार नाही. महिलांच्या सामन्यात जाळीची वरची कडा जमिनीपासून २.२४ मीटर उंच असते आणि तिच्या वर जिचा हात अधिक पोहोचतो, तिला आक्रमण व बचाव दोन्ही सुलभ होतात. तथापि, आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेचा इतिहास या समजुतीची दुसरी बाजूही दाखवितो.

गिरणीतून जागतिक विजयाकडे

या इतिहासाची पार्श्वभूमी जपानमध्ये तयार झाली. ओसाकाजवळील काइझुका येथील एका कापडगिरणीच्या संघातील मुली दिवसा काम करून रात्री उशिरापर्यंत सराव करीत. प्रशिक्षक हिरोबुमी दाईमात्सू यांनी त्यांना चेंडूसाठी जमिनीवर झेप घेऊन, लोळण घेत पुन्हा तत्क्षणी उभे राहण्याचे तंत्र शिकविले. या बळावर जपानने १९६२ साली जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघावर ३-० अशी मात केली. दाईमात्सू यांच्या अतिकठोर शिस्तीवर टीकाही झाली; यशामागे या मुलींनी मोजलेली किंमत विसरता येत नाही.

आशियाई स्पर्धेचा प्रवास

आशियाई अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९७५ साली मेलबर्न येथे झाली व तीत जपान विजयी झाला. १९७९ साली हाँगकाँग येथे चीनने हा मान मिळविला. १९८३ मध्ये फुकुओका येथे जपानने तो परत घेतला. परंतु १९८७ ते २००५ या काळात चीनने सलग दहा वेळा विजेतेपद राखले. २०२३ पर्यंत झालेल्या एकवीस स्पर्धांपैकी तेरा चीनने, पाच जपानने आणि तीन थायलंडने जिंकल्या आहेत.

थायलंडचा धडा

चीनच्या उंच खेळाडूंपुढे थायलंडच्या मुली ठेंगण्या दिसत. असे असूनही २००९ साली हनोई येथील अंतिम सामन्यात त्यांनी चीनचा ३-१ असा पराभव केला. २०१३ साली स्वदेशी नाखोन राच्चसीमा येथे त्यांनी जपानला नमविले.

हे कसे साधले? चेंडू उंच उडविला, की प्रतिपक्षाच्या उंच खेळाडूंना जाळीपाशी एकत्र येऊन भिंत उभारण्यास अवधी मिळतो. थायलंडच्या नूत्सारा तोमकोम हिने मात्र चेंडू कमी उंचीवरून व वेगाने देण्याचे कौशल्य आत्मसात केले. एकाच वेळी दोघी-तिघी आक्रमणासाठी झेपावत. स्मॅश कोण मारणार, हे कळेपर्यंत चेंडू पलीकडे पडलेला असे. परंतु यासाठी सर्व्हिसवरील पहिला पास अचूक हवा. तो चुकला, तर वेगवान आक्रमणाची सारी रचनाच कोसळते. म्हणूनच या पद्धतीचा पाया मागच्या फळीत घातला जातो. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात आलेल्या ‘लिबेरो’ या केवळ बचावाच्या खेळाडूमुळे चपळ परंतु कमी उंचीच्या मुलींना संघात हक्काचे स्थान लाभले.

थायलंडच्या या पिढीतील खेळाडू अनेक वर्षे एकत्र खेळल्या, त्यामुळे परस्परांचे इशारे त्यांना सहज उमगत. तथापि, ऑलिंपिकचे द्वार त्यांना उघडले नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत थायलंडचा महिला संघ तेथे कधीच पोहोचला नव्हता. हे शल्य असूनही परंपरा खंडित झाली नाही. २०२३ साली नव्या पिढीने नाखोन राच्चसीमा येथेच चीनला ३-२ असे हरवून तिसरे विजेतेपद मिळविले.

आपल्यासाठी बोध

अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद जागा, एक जाळी आणि एक चेंडू एवढ्या साहित्यावर हा खेळ कोणत्याही शाळेच्या अंगणात सुरू होऊ शकतो. मुलींची निवड करताना केवळ उंची मोजली, तर चपळ हातांच्या व तल्लख दृष्टीच्या कित्येक मुली मैदानाबाहेरच राहतील. त्यांना लहान वयात अचूक पास शिकविणे आणि संघ दीर्घकाळ एकत्र ठेवणे, हाच थायलंडच्या यशाचा खरा बोध होय.