विहिरीचे परस आणि आपले प्रोजेक्ट

लास्ट इयरचे प्रोजेक्ट म्हटले की आपली धाव कुठपर्यंत? सिनियरची जुनी फाईल, स्पायरल बाइंडिंगचे दुकान आणि व्हायवा. पण हे प्रोजेक्ट नेमके कुणाला हवे होते, हे कोणी विचारत नाही. मला ते आजोळी विचारले गेले.

माझे आजोळ कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. उन्हाळ्यात मी विहिरींचा फॉर्म घेऊन शिवारात फिरले. मामा म्हणाले, "विहीर सात परस, पाणी दोन परस." माझे शिक्षण कॉन्व्हेंटचे, मला परसबागच आठवली! परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढे खोलीचे माप, हे तेव्हा कळाले. सगळे हसले. शेजारच्या आजी मात्र म्हणाल्या, "मागंबी पोरं आली व्हती, लिहून घेऊन गेली. पुढं काय झालं, बाई?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

खरे तर ही पद्धत नवी नाही. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यापीठांनी 'विज्ञान दुकाने' काढली. संस्था-संघटनांनी प्रश्न आणायचा आणि विद्यार्थ्यांनी अभ्यास करायचा. आपल्याकडे आयआयटी मुंबईचे 'सितारा' केंद्र १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करते. तिथल्या विद्यार्थ्यांनी कर्जत भागातील टँकरग्रस्त वाड्यांच्या पाण्याचा अभ्यास केला आहे. २०१६ मध्ये शासनाने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' आणले, ते इतर कॉलेजांनीही असे काम करावे म्हणूनच.

मग आपण काय करायचे?

१. प्रश्न गावाचा घ्यावा. बचत गट, पाणी वापर संस्था किंवा गावात काम करणारी संस्था यांना आधी विचारावे. फॉर्म नंतर छापावा.

२. साधे मोजावे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी १ मीटर चढले, तर सुमारे २८,००० लिटर वाढले. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला, तर मोटर ताशी १८,००० लिटर उपसते. टेप, ड्रम आणि घड्याळ एवढे पुरते.

३. एकदाच मोजून पळू नये. राज्याची भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आपणही निदान पावसाळ्याआधी आणि नंतर मोजावे.

४. निष्कर्ष मराठीत, गावातच वाचून दाखवावा.

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. दिवाळीत मी ११ विहिरींचा तक्ता मामांच्या ओट्यावर वाचला. एक काका लगेच म्हणाले, "तू आलीस तवा मोटर आत्ताच बंद केली व्हती." म्हणजे तो आकडा चुकीचा! खोडला. कॉलेजात ही चूक कुणालाही सापडली नसती.

जालन्याजवळच्या कडवंचीत मराठवाडा शेती सहाय्य मंडळाच्या साथीने पाणलोटाचे काम झाले आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षे आली. ते काम गावाने आणि संस्थेने केले, कुठल्या प्रोजेक्ट रिपोर्टने नव्हे. आपला वाटा लहानच, पण तो खरा असावा.

आजींनी शेवटी विचारले, "आता मे म्हैन्यात येशील ना मोजाया?"

येते म्हणाले आहे. हॉस्टेलमधून कोण कोण येणार?