‘कोर्ट’ बघताना अर्धा हॉल रिकामा का झाला?

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ‘शाहीर’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर फेटा, डफ आणि पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम यायचा, बस्स. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.

गेल्या सेमला, जुलैमधल्या एका शनिवारी, कॉलेजच्या हॉलमध्ये ‘कोर्ट’ दाखवला. हॉस्टेलची पब्लिक झाडून आली होती. पाऊण तासात मागच्या रांगा सटकल्या. शेवटी जेमतेम निम्मे उरलो. मीही उरले, पण त्यात रसिकता वगैरे काही नव्हती. बाहेर नवीन पनवेलचा पाऊस धो धो कोसळत होता आणि माझ्याकडे छत्री नव्हती.

रात्री मेसमध्ये दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, “कॅमेरा हलतच नाही यार, सीसीटीव्ही आहे की पिक्चर?” दुसरी म्हणे, “खरं कोर्ट असंच असतं.” माझ्या मते दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. कसं ते बघू.

आधी माहिती. ‘कोर्ट’ हा चैतन्य ताम्हाणे यांचा पहिलाच मोठा चित्रपट. बजेट कमी, स्टार कोणी नाही, बरेचसे कलाकार आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेले. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले. त्याच वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एप्रिल २०१५ मध्ये तो थिएटरात लागला आणि भारतातर्फे ऑस्करलाही गेला. तरी ‘फार संथ आहे’ ही तक्रार तेव्हापासून आजतागायत चालू आहे. म्हणजे आपला हॉल काही जगावेगळा नव्हता.

गोष्ट एका कवीची आहे. नारायण कांबळे, साठी उलटलेला लोकशाहीर. मुलांच्या शिकवण्या घेतो, बसने वस्तीत जातो, स्टेजवर गातो. तिथेच पोलीस येतात. आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली! ही भूमिका नागपूरच्या वीरा साथीदार यांनी केली. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. चित्रपटातली गाणी संभाजी भगत यांची आहेत.

आता मुद्दा. आपल्याला वाटतं, कवीवर पिक्चर म्हणजे कवी बोलणार, गाणार, शेवटी कोर्टात टाळ्यांचं भाषण ठोकणार. इथे अटकेनंतर कवी जवळजवळ गायबच होतो. कॅमेरा कोर्टाच्या एका टोकाला बसतो आणि सगळी खोली दाखवतो. त्यात कांबळे हा बऱ्याच माणसांतला एक. सुनावणी संपते, पुढची तारीख पडते, तरी कट होत नाही. मग आपण वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो. सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात. बचावाचे वकील सुपरमार्केटमध्ये खरेदी करतात. एका बाईंनी बिनबाह्यांचा टॉप घातलाय म्हणून न्यायाधीश त्यांची केसच ऐकत नाहीत. हे सगळं चालू असताना म्हातारा आत आहे. “हीरो कुठे गेला?” असं मागच्या रांगेतून कोणी ओरडलं होतं. प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर, तुरुंगात. तो दिसत नाही हेच तर दाखवायचंय.

हे मला हॉलमध्ये कळलं नाही हं. कळलं ते दोन दिवसांनी, स्टेशनकडे जाणाऱ्या एका गल्लीत. गटार तुंबलं होतं. एक काका मॅनहोलचं झाकण उघडून बाजूला नुसते बसले होते. लोक नाकाला रुमाल लावून पुढे जात होते. आमच्या एनव्हायर्नमेंटच्या व्हायवाला हायड्रोजन सल्फाइडवर प्रश्न होता, त्यामुळे उत्तर मला पाठ होतं. रेणुभार ३४, हवेचा सरासरी २९, म्हणून हा वायू खाली साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. सुमारे १०० पीपीएमला नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, गॅस गेला.

मी विचारलं, “काका, मास्क नाही?”

“आहे ना ताई. सायबांच्या गाडीत.”

“मग थांबलात कशाला?”

“झाकण उघडलं की थांबायचं. घाई केली की संपलं.”

चित्रपटात त्या कामगाराची बायको साक्ष देते. नवरा आधी मॅनहोलमध्ये खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, मग उतरायचं. हे ती सपाट आवाजात सांगते, पार्श्वसंगीत नाही, क्लोजअप नाही. मी ते हॉलमध्ये ऐकलं होतं आणि जांभई दिली होती.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी १० लाख भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ माणसं मरायची थांबली नव्हती. चित्रपटात मात्र खटला साधनं न देणाऱ्यावर नाही, गाणं म्हणणाऱ्यावर चालतो.

म्हणून मला वाटतं, ‘बोअर झालं’ म्हणणारे चुकले नाहीत. त्यांना जे जाणवलं ते खरंच होतं, फक्त ते लवकर उठले. आपल्याला दोन तासांचा कंटाळा सहन होत नाही, कांबळेला तारखांवर तारखा सहन कराव्या लागतात. शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात आणि पडदा कितीतरी वेळ काळा राहतो. आपल्या हॉलमध्ये कोणीतरी “लाइट गेली!” ओरडलं. मीही हसले होते.

संथ चित्रपट चांगलाच असतो असं माझं म्हणणं नाही. काही नुसतेच संथ असतात. पण उठण्याआधी एक बघा, हा दिग्दर्शक थांबलाय तो कशासाठी?

‘कोर्ट’ परत लावायचा विचार आहे असं ऐकलंय. या वेळी मी छत्री घेऊन जाणार आहे. तरी बसणार आहे.