साधी गाठ कर्करोगाची कशी होते?

अंगाला गाठ लागली की काहीजण घाबरून अर्धमेले होतात, तर काहीजण "दुखत नाही ना, मग राहू दे" म्हणून सोडून देतात. दोघांचेही चुकते. चरबीची गाठ किंवा तरुण मुलींच्या स्तनातील हाताला सरकणारी गाठ सहसा कर्करोगात बदलत नाही. मात्र ती तशीच आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगायला हवे. उलट, कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

बदलणाऱ्या गाठींचे उत्तम अभ्यासलेले उदाहरण मोठ्या आतड्यातील आहे. आतड्याच्या अस्तरावर कधी कधी मांसल कोंब उगवतो. त्याला पॉलिप म्हणतात. त्यातील अ‍ॅडिनोमा या प्रकारावरून फिअरॉन व फोगेलश्टाइन या संशोधकांनी १९९० साली या बदलाच्या पायऱ्या मांडल्या. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे 'एपीसी' जनुक बहुधा प्रथम बिघडते व कोंब धरतो. पुढे 'केरास' बिघडले की पेशीला सतत "वाढ, वाढ" असा हुकूम मिळत राहतो. शेवटी बिघडलेल्या पेशीला थांबवणारा किंवा मारून टाकणारा पहारेकरी, 'पी-५३', निकामी होतो. मग पेशी अस्तर भेदून आत शिरतात. हाच कर्करोग. प्रत्येक रुग्णात क्रम असाच असतो असे नाही, आणि बहुतेक कोंब इथवर पोचतही नाहीत. जे पोचतात त्यांना साधारण दहा वर्षे लागतात.

ही दहा वर्षे आपल्या हातची असतात. दुर्बिणीतून तारेच्या फासाने कोंब काढता येतो, पोट फाडावे लागत नाही. अमेरिकेत १४१८ रुग्णांचे कोंब असे काढून त्यांच्यावर लक्ष ठेवले, तेव्हा आतड्याचा कर्करोग अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी आढळला. हा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे मात्र शौचावाटे रक्त गेले की "मूळव्याध असेल" म्हणून महिनोन्महिने घरगुती औषध चालते. ही चूक फार महाग पडते. "सुरी लागली की गाठ चिघळते" हाही गैरसमजच. तपासणीसाठी तुकडा काढल्याने साधी गाठ कर्करोगाची होत नाही.

तंबाखू, दारू व लठ्ठपणा यांनी धोका वाढतो. आई-वडील वा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असल्यास तो कितव्या वर्षी झाला हेही डॉक्टरांना सांगावे. आपली तपासणी केव्हा सुरू करायची, ते त्यावरून ठरते.