इंग्रजींतील संकेतार्थी वाक्यें

'इफ्' हा शब्द इंग्रजीच्या पहिल्या एकदोन वर्षांतच आपल्या ओळखीचा होतो. तरी शालान्त परीक्षेपर्यंत पोहोंचलेल्या मुलामुलींच्या लेखनांतही या शब्दाभोंवतालच्या चुका पुष्कळ आढळतात. त्यांचें कारण आळस नव्हे. लिहिणारा मनांत शुद्ध मराठी वाक्य रचतो व शब्दास शब्द देत जातो. आणि नेमक्या याच ठिकाणीं दोन भाषांच्या वाटा निराळ्या होतात.

अशी कल्पना करा कीं, घरीं कोणी अत्यवस्थ आहे आणि परगांवीं असलेल्या मुलास इंग्रजींत पत्र गेलें आहे. त्यांत 'इफ् दि डॉक्टर कम्स्, दि पेशंट विल् लिव्' असें असेल, तर आशा आहे. डॉक्टर येण्याचा संभव आहे. 'इफ् दि डॉक्टर केम्, दि पेशंट वुड् लिव्' असें असेल, तर लिहिणाऱ्यास डॉक्टर येतील असें वाटत नाहीं. आणि 'इफ् दि डॉक्टर हॅड् कम्, दि पेशंट वुड् हॅव् लिव्ड्' हें वाक्य दिसलें, तर पुढें वाचण्याचें कारण उरत नाहीं. डॉक्टर आले नाहींत, आणि रोगी गेला. तिन्ही वाक्यांत शब्द बहुतेक तेच. फरक काय तो क्रियापदाच्या रूपाचा.

पहिल्या प्रकारांत आपण दोन तऱ्हांनीं चुकतों. 'उद्यां पाऊस येईल तर' असें मनांत म्हणून कोणी 'इफ् इट् विल् रेन्' लिहितो. इंग्रजींत संकेताच्या वाक्यांत भविष्यकाळ सहसा येत नाहीं. तेथें साधा वर्तमानकाळ, 'इफ् इट् रेन्स्', आणि 'विल्' मुख्य वाक्यांत. दुसरा विद्यार्थी 'उद्यां पाऊस आला तर' असें म्हणतो. हें आपलें अस्सल मराठी. भूतकाळाच्या रूपानें आपण खुशाल उद्यांची गोष्ट बोलतों. परंतु तो 'इफ् इट् रेन्ड् टुमॉरो' असें लिहितो, तेव्हां वाक्य अशुद्ध न होतां अर्थ बदलतो. इंग्रज वाचक समजतो कीं, लिहिणाऱ्यास पावसाचा भरंवसा नाहीं. अशी चूक अधिक वाईट, कारण ती शिक्षकाच्या तांबड्या पेन्सिलींतूनही निसटते.

मात्र 'आय डू नॉट् नो इफ् ही विल् कम्' हें शुद्ध आहे. तेथें 'इफ्' म्हणजे 'जर' नव्हे, 'कीं नाहीं' असा अर्थ आहे. तसेंच 'इफ् यू विल् वेट् ए मिनिट्' यांत 'विल्' हा काळ नसून विनंति आहे.

दुसऱ्या प्रकारांत 'इफ् आय वेअर्' पाहून मुलें दचकतात. हा जुन्या इंग्रजी संकेतार्थाचा अवशेष होय. बोलण्यांत 'वॉज्' ऐकूं येतो. लेखनांत 'वेअर्' ठेवावा, असें माझें मत आहे. जुन्या पुस्तकांत 'आय' व 'वुई' यांच्यापुढें 'शुड्' आढळेल. आतां सर्वत्र 'वुड्' चालतो.

खरी अडचण तिसऱ्या प्रकाराची. मराठींत 'डॉक्टर आले असते तर रोगी वाचला असता'. दोन्ही पारड्यांत 'असणें' या क्रियापदाचें सारखेंच रूप. त्या समतोलाच्या मोहानें विद्यार्थी 'इफ् दि डॉक्टर वुड् हॅव् कम्' असें लिहितो. इंग्रजींत पारडीं समान नाहींत: 'इफ्'कडे 'हॅड्', मुख्य वाक्याकडे 'वुड् हॅव्'. शिवाय आपलें 'असता' दुसऱ्या व तिसऱ्या अशा दोन्ही प्रकारांचें काम करतें. पूर्वी 'तो येता तर मी जातों' असें वेगळें रूप अधिक चाले. आतां तें मागें पडलें आहे. या रूपांविषयीं ज्यांस कुतूहल असेल, त्यांनीं मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त क्रियापदांच्या अर्थांचा विचार अवश्य पाहावा. आपलें व्याकरण ज्यास कळतें, त्यास परक्याचें कळावयास वेळ लागत नाहीं.

'तर' साठीं प्रत्येक वेळीं 'देन्' घालण्याचें कारण नाहीं. 'अन्लेस्' मध्यें नकार आधींच आहे. 'अन्लेस् ही डज् नॉट् कम्' असें लिहिल्यास 'तो न आला तर' याच्या उलट अर्थ होतो.

आतां पुढील वाक्यांचें भाषांतर करा. मात्र पेन्सिल उचलण्यापूर्वीं प्रत्येकास विचारा कीं, ही गोष्ट घडणें अद्याप शक्य आहे काय?

उद्यां आगगाडी वेळेवर आली तर आम्ही सभेस पोहोंचूं. मला पंख असते तर मी आतांच घरीं उडून गेलों असतों. तूं कळविलें असतेंस तर मी स्टेशनावर आलों असतों. त्यानें काल औषध घेतलें असतें तर आज तो वर्गांत असता.

शेवटच्या वाक्यांत 'काल' आणि 'आज' हे शब्द दोनदां वाचा. तेथें दुसऱ्या भागांत 'वुड् हॅव्' चालणार नाहीं.